वृत्तवाहिनीची बातमी एकतर्फी वाटली तर तक्रार कशी करावी : मराठवाड्यातील प्रेक्षकांसाठी मार्गदर्शक

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात एका डिसेंबरात पीकविम्याच्या प्रश्नावर शेतकऱ्यांचा मोर्चा तहसील कार्यालयावर गेला होता. कोणत्याही पक्षाचा झेंडा घ्यायचा नाही, असे आम्ही गावोगाव बैठका घेऊन ठरवले होते. त्या रात्री एका मराठी वृत्तवाहिनीच्या बातमीपत्रात हा मोर्चा एका पक्षाचा म्हणून दाखवला गेला, खाली ‘मोर्चाचा फज्जा’ अशी पट्टी फिरत राहिली आणि तुरळक गर्दीची जी दृश्ये दाखवली ती आमच्या मोर्चाची नव्हतीच. रस्ता ओला होता, दोघांच्या हातात छत्र्या होत्या आणि एका म्हाताऱ्या माणसाने डोक्यावर पोत्याची खोळ घेतली होती. आमच्याकडे त्या महिन्यात पावसाचा थेंब पडलेला नव्हता.

आम्ही संतापलो आणि संतापाच्या भरात जे करू नये ते सगळे केले. दोन पानांचे पत्र लिहिले, त्यात वाहिनी विकली गेल्याचा आरोप केला, ४६ जणांच्या सह्या घेतल्या आणि त्या पत्राचा फोटो तालुक्याच्या वार्ताहराला व्हॉट्सॲपवर पाठवला. तोपर्यंत १९ दिवस उलटले होते. ओल्या रस्त्याचा उल्लेख त्या दोन पानांत कुठेही नव्हता. त्या पत्राला उत्तर आले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच वाहिनीने शेजारच्या मतदारसंघातल्या आमदारांनी पाण्याचे टँकर अडवल्याची बातमी दिली. एका गावातील विरोधी गटाचा हा आरोप होता. वाहिनीने तो सिद्ध झालेल्या गोष्टीसारखा सांगितला आणि आमदारांची किंवा तहसीलदारांची बाजू घेतलीच नाही. त्या आमदारांना मी मत देणाऱ्यांपैकी नाही. तरीही मी तक्रार केली, कारण मोर्चाच्या वेळी आमच्यावर जो अन्याय झाला तोच इथे दुसऱ्या माणसावर होत होता. या वेळी रीतसर तक्रार केली आणि तेराव्या दिवशी लेखी उत्तर आले. दोन्ही अनुभवांतून जे कळले ते पुढे क्रमाने देत आहे.

१. पक्षपात सिद्ध करायला जाऊ नका, चूक सिद्ध करा

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, म्हणून तो आधी सांगतो. वाहिनीच्या मनात काय होते, मालक कोणाचा आहे, निवेदकाचा कल कोणाकडे आहे, हे प्रेक्षक म्हणून आपल्याला कागदावर सिद्ध करता येत नाही. तक्रार वाचणारा माणूसही पहिल्याच परिच्छेदात ‘तुम्ही अमुक पक्षाचे आहात’ असे वाक्य दिसले की ते मत समजून बाजूला ठेवतो. याउलट जुनी दृश्ये आजची म्हणून दाखवली, आरोप वस्तुस्थिती म्हणून सांगितला, ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू घेतली नाही, भाषणातले अर्धे वाक्य कापून दाखवले, या गोष्टी मोजता येतात, दाखवता येतात आणि त्यांना उत्तर द्यावे लागते.

त्यासाठी बातमी पुन्हा पाहावी, आणि एकदा नव्हे, तीनदा पाहावी. एकदा आवाज बंद करून केवळ दृश्ये पाहावीत. ऋतू, कपडे, रस्ता, मागे लावलेल्या डिजिटल फलकावरची तारीख, गाडीची नंबर प्लेट अशा खुणा तेव्हाच दिसतात. एकदा पडद्याकडे न पाहता केवळ शब्द ऐकावेत आणि ‘आरोप आहे’, ‘असे सांगितले जाते’ हे शब्द कुठे आहेत आणि कुठे गाळले आहेत, ते टिपावे. तिसऱ्यांदा केवळ पट्ट्या वाचाव्यात. आमच्या टँकरच्या बातमीत निवेदिका ‘आरोप केला आहे’ असे म्हणत होती, पण पट्टीवर ‘आमदारांनी टँकर अडवले’ असे ठाम वाक्य होते. घरात आवाज कमी करून टीव्ही पाहणाऱ्याच्या लक्षात पट्टीच राहते, आणि आमच्या तक्रारीचा मुख्य आधारही तीच ठरली.

बातमी आणि मतप्रदर्शन यांतला फरकही इथेच तपासावा. संपादकाचे मत म्हणून सांगितलेल्या कार्यक्रमात मत असणारच. चर्चेच्या कार्यक्रमात आपल्या पक्षाच्या प्रवक्त्याला कडक प्रश्न विचारले, हा एकटा मुद्दा तक्रारीला पुरत नाही. चार पाहुण्यांपैकी चारही एकाच बाजूचे होते, किंवा एका बाजूच्या पाहुण्याचा आवाज वारंवार बंद केला, हे मात्र मिनिटांसह मांडता येते.

२. पुरावा त्याच रात्री गोळा करा

उद्या सकाळी बघू म्हटले तर पट्टी बदललेली असते आणि यूट्यूबवरच्या चित्रफितीचे शीर्षकही बदललेले असते. म्हणून बातमी चालू असतानाच मोबाईल आडवा धरून पडद्याचे चित्रण करावे. चित्रणात वाहिनीचे बोधचिन्ह, पडद्यावरचे घड्याळ आणि खालची पट्टी हे तिन्ही दिसले पाहिजे. सुरुवात हुकली तर पुढच्या तासाच्या बातमीपत्रात तीच बातमी पुन्हा येण्याची वाट पाहावी. वाहिनीने ती बातमी यूट्यूबवर किंवा फेसबुकवर टाकली असेल तर तिचा दुवा, शीर्षक आणि वर्णन यांचे स्क्रीनशॉट तारखेसह घ्यावेत.

हे जमले नाही म्हणून मात्र हताश होऊ नये. उपग्रह वाहिन्यांना प्रसारित मजकुराची नोंद ९० दिवस जपून ठेवण्याची अट आहे. त्यामुळे तारीख आणि वेळ नेमकी असेल तर ‘या बातमीपत्राचे मूळ ध्वनिचित्रण जतन करून ठेवावे’ अशी मागणी तक्रारीतच करता येते. ही एक ओळ प्रत्येक तक्रारीत लिहावी.

बातमी खोटी ठरवणारा पुरावा वेगळा गोळा करावा लागतो, आणि तो बहुधा आपल्याच परिसरात असतो. पावसाची महसूल मंडळनिहाय नोंद कृषी विभागाच्या संकेतस्थळावर मिळते. मोर्चाच्या वेळी मला हे ठाऊक असते तर ओल्या रस्त्याचे एकच वाक्य आणि त्या दिवसाची शून्य मिलिमीटरची नोंद एवढ्यावर तक्रार उभी राहिली असती. तहसीलला दिलेल्या निवेदनाची आवक क्रमांक असलेली पोच, पोलीस ठाण्याचे परवानगीपत्र, ग्रामपंचायतीचा ठराव, पंचायत समितीतून मिळालेली टँकरच्या फेऱ्यांची नोंद, दुसऱ्या दिवशीच्या दैनिकांची जिल्हा पाने, हे सगळे कामाचे आहे.

३. नियमाचे नाव घेऊन बोला

नुसते ‘पक्षपात झाला’ असे म्हटले तर तो शब्द कोणत्याही कलमात बसत नाही. तक्रार पुढील दोन आधारांवर उभी करावी.

पहिला आधार केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स नियम, १९९४ यातील नियम ६ चा, म्हणजे कार्यक्रम संहितेचा. हे नियम १९९५ च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायद्याखाली चालतात. बदनामीकारक, जाणीवपूर्वक खोटा, सूचक कुत्सित रोख असलेला किंवा अर्धसत्य मजकूर प्रसारित करू नये, असे या संहितेत म्हटले आहे. एकतर्फी बातमीच्या बाबतीत ‘अर्धसत्य’ हाच शब्द सर्वाधिक उपयोगी पडतो, कारण अशा बातमीत बहुतेक वेळा सांगितलेला भाग खरा असतो आणि गाळलेल्या भागामुळे अर्थ फिरतो.

दुसरा आधार वृत्तवाहिन्यांनी स्वतःहून स्वीकारलेल्या आचारसंहितेचा. न्यूज ब्रॉडकास्टर्स अँड डिजिटल असोसिएशन या संघटनेच्या संहितेत वार्तांकनातील निःपक्षपातीपणा व वस्तुनिष्ठता आणि तटस्थता ही तत्त्वे सुरुवातीलाच दिली आहेत. आरोप वस्तुस्थिती म्हणून मांडू नयेत, बातमीतील बाधित पक्षांना आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, अशी अपेक्षा त्यात आहे. या संघटनेची तक्रारी ऐकणारी यंत्रणा २००८ पासून काम करते आणि तिचे पहिले अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त सरन्यायाधीश जे. एस. वर्मा होते. आज तिचे नाव न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स अथॉरिटी, म्हणजे एनबीडीएसए, असे आहे.

४. कोणाच्या दारात जायचे ते आधी ठरवा

मोठ्या उपग्रह वृत्तवाहिनीची तक्रार आधी त्या वाहिनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करायची असते. १७ जून २०२१ रोजी केबल नियमांत दुरुस्ती झाल्यापासून असा अधिकारी नेमणे आणि त्याचा संपर्क संकेतस्थळावर ठळकपणे देणे वाहिनीला बंधनकारक आहे. तो पत्ता बहुतेक वेळा संकेतस्थळाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात असतो, तिथपर्यंत जाऊन शोधावा. वाहिनी कोणत्या संघटनेची सदस्य आहे, तेही त्याच वेळी पाहून ठेवावे, कारण सर्व वाहिन्या एकाच संघटनेत नाहीत आणि अपील चुकीच्या संस्थेकडे गेले तर दिवस वाया जातात.

तालुक्यात केबलचालक स्वतःची स्थानिक वाहिनी चालवत असेल तर रस्ता वेगळा आहे. केबल कायद्याखाली जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त हे प्राधिकृत अधिकारी आहेत. म्हणजे आमच्याकडे अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातही देता येतो आणि त्याची पोच हातोहात मिळते.

वर्तमानपत्राची तक्रार भारतीय प्रेस कौन्सिलकडे जाते, वाहिनीची जात नाही. ही गल्लत मी अनेकदा पाहिली आहे. चांगली लिहिलेली तक्रार प्रेस कौन्सिलला पाठवतात आणि ‘आमच्या अधिकारकक्षेत नाही’ एवढे उत्तर घेऊन बसतात. गावोगावी माईक घेऊन फिरणारे जे एकट्याचे यूट्यूब चॅनेल आहेत ते वरील केबल नियमांत येत नाहीत. त्यांच्याबाबत त्या चॅनेलच्या चालकाला लेखी कळवणे आणि यूट्यूबच्या स्वतःच्या तक्रार व्यवस्थेतून नोंद करणे, हा साधा मार्ग आहे.

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या वार्ताहराकडे तक्रार देऊ नये, हेही इथेच सांगितले पाहिजे. आमच्या भागातील बरेचसे वार्ताहर बातमीमागे मानधन घेऊन काम करतात. ते दृश्ये आणि चार ओळी पाठवतात. पट्टी, शीर्षक आणि दृश्यांची जोडणी मुंबईच्या कार्यालयात होते. मोर्चाच्या वेळी ज्या वार्ताहराला आम्ही धारेवर धरले त्याने त्या दिवसाचे खरे चित्रण पाठवले होते, हे मला पुढे कळले. त्याच्याशी मी अन्यायाने वागलो होतो आणि त्याच्या घरी जाऊन मी तसे सांगितले. वार्ताहराला घेराव घालणे, कॅमेरा हिसकावणे असले प्रकार तर अजिबात करू नयेत. माध्यमकर्मींवरील हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि तसा प्रकार घडला की मूळ तक्रारीकडे कोणीही पाहत नाही.

५. हाताशी ठेवायची कागदपत्रे

- वाहिनी, कार्यक्रम, तारीख, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ लिहिलेला कागद
- चित्रणाची प्रत, यूट्यूब दुवा आणि स्क्रीनशॉट
- आक्षेपार्ह वाक्ये आणि पट्ट्या जशाच्या तशा उतरवलेला मजकूर, समोर मिनिट आणि सेकंद
- त्या मजकुराचा इंग्रजी अनुवाद (वाहिनीला लागणार नाही, पण अपील दिल्लीकडे जाते तेव्हा तो जोडलेला बरा)
- बातमी चुकीची किंवा अपुरी असल्याचे दाखवणारा कागद
- आपले पूर्ण नाव, पत्ता, दूरध्वनी, ई-मेल
- या विषयावर न्यायालयात प्रकरण चालू नसल्याचे आणि दिलेली माहिती खरी असल्याचे स्वतःचे निवेदन

निनावी तक्रार घेतली जात नाही. स्टॅम्प पेपर किंवा वकील यांची या पायरीवर गरज नाही. तहसीलबाहेरच्या टेबलावर ‘वाहिनीला नोटीस काढून देतो’ म्हणून पैसे मागणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नये.

६. तक्रार एका पानात लिहा

एका पत्रात एकच बातमी घ्यावी. गेल्या वर्षभरातल्या सगळ्या नाराज्या एकत्र केल्या की वाहिनी त्यातल्या सर्वांत दुबळ्या मुद्द्याला उत्तर देते आणि प्रकरण मिटवते. टँकरच्या बातमीबाबत मी जे लिहिले त्याचा सांगाडा असा होता :

‘प्रति, तक्रार निवारण अधिकारी. विषय : अमुक तारखेच्या रात्री ९ च्या बातमीपत्रातील टँकरविषयीच्या बातमीबाबत तक्रार. महोदय, सदर बातमीपत्रात ९ वाजून १२ मिनिटांपासून सुमारे दोन मिनिटे ही बातमी दाखवण्यात आली. या काळात पट्टीवर “आमदारांनी टँकर अडवले” असे विधान सलग होते. बातमीतील निवेदनानुसार हा केवळ एका गटाचा आरोप आहे. संबंधित आमदार, तहसीलदार किंवा गटविकास अधिकारी यांपैकी कोणाचेही म्हणणे बातमीत नाही आणि ते मिळवण्याचा प्रयत्न केल्याचा उल्लेखही नाही. सोबत पंचायत समितीतील टँकर फेऱ्यांची नोंद जोडली आहे. त्यानुसार त्या तारखांना फेऱ्या झालेल्या आहेत. त्यामुळे हे प्रसारण केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स नियम, १९९४ च्या नियम ६ मधील अर्धसत्याविषयीच्या तरतुदीचे आणि वार्तांकनातील निःपक्षपातीपणाच्या तत्त्वाचे उल्लंघन ठरते. विनंती : (१) त्याच वेळेच्या बातमीपत्रात दुसरी बाजू प्रसारित करावी, (२) यूट्यूबवरील चित्रफीत काढावी किंवा तिचे शीर्षक दुरुस्त करावे, (३) मूळ ध्वनिचित्रण जतन करावे, (४) निर्णय लेखी कळवावा.’

विनंतीचा भाग बहुतेक जण लिहीतच नाहीत. ‘योग्य ती कारवाई करावी’ असे मोघम लिहिले की ‘योग्य ती कारवाई केली आहे’ असे तितकेच मोघम उत्तर येते. काय हवे ते क्रमांक घालून मागावे, आणि जे वाहिनीला खरोखर करता येईल तेच मागावे. निवेदकाला कामावरून काढा, वाहिनी बंद करा, अशा मागण्यांनी बाकीच्या रास्त मागण्यांचेही वजन जाते.

शंभर सह्यांपेक्षा ज्याने ती बातमी स्वतः पाहिली आणि जो पुढे सुनावणीला उत्तरे देऊ शकेल अशा एका माणसाची सही चांगली.

७. सात दिवसांच्या आत पाठवा आणि तारखा भिंतीवर लिहा

बऱ्याच तक्रारी मुदत उलटल्यामुळे बाद होतात. एनबीडीएसएच्या नियमांनुसार प्रसारणापासून ७ दिवसांच्या आत वाहिनीकडे तक्रार गेली पाहिजे. आमचे १९ दिवस आठवा. म्हणून वाहिनी कोणत्याही संघटनेची असो, सातवा दिवस हाच शेवटचा दिवस समजावा.

तक्रार ई-मेलने पाठवावी आणि तीच स्पीड पोस्टानेही पाठवावी. पोस्टाची पावती चिकटवून तिचा फोटो काढून ठेवावा, कारण त्या पावतीवरची शाई आमच्या उन्हाळ्यात महिनाभरात उडते. जोडलेली चित्रफीत मोठी असेल तर ती ड्राइव्हवर ठेवून दुवा द्यावा आणि तो दुवा कोणालाही उघडता येतो का, हे दुसऱ्याच्या मोबाईलवर तपासावे.

२०२१ च्या दुरुस्तीनुसार पुढचा क्रम असा आहे : वाहिनीने २४ तासांत तक्रारीची पोच द्यायची, १५ दिवसांत निर्णय कळवायचा. निर्णय पटला नाही किंवा आलाच नाही, तर त्यानंतर १५ दिवसांत वाहिनी ज्या स्वनियामक संस्थेची सदस्य आहे तिच्याकडे अपील करायचे. त्या संस्थेने ६० दिवसांत अपील निकाली काढायचे. तिथेही समाधान झाले नाही तर आणखी १५ दिवसांत केंद्र सरकारकडे, म्हणजे माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे जाता येते. एनबीडीएसएच्या स्वतःच्या नियमांत वाहिनीच्या उत्तरानंतर १४ दिवसांची मुदत आहे. या १४ आणि १५ च्या घोळात न पडता मी उत्तर आल्यापासून दहाव्या दिवसावर कॅलेंडरमध्ये लाल खूण करतो.

२४ तासांत पोच आली नाही तर दुसऱ्या दिवशी दोन ओळींचे स्मरणपत्र त्याच ई-मेलखाली पाठवावे. नवा ई-मेल सुरू करू नये. सगळा पत्रव्यवहार एका धाग्यात राहिला की अपिलाच्या वेळी तो जसाच्या तसा जोडता येतो.

८. उत्तर आले की घाईने नाकारू नका

मला आलेल्या उत्तरात वाहिनीने पक्षपाताचा आरोप स्पष्ट शब्दांत फेटाळला होता. त्याच पत्रात पुढे संबंधितांची बाजू घेण्यात त्रुटी राहिल्याचे मान्य केले होते आणि चित्रफीत काढल्याचे कळवले होते. दोन दिवसांनी रात्री ९ च्या बातमीपत्रात तहसीलदारांचे म्हणणे दाखवले गेले. आमच्या गटातल्या काही तरुणांना हे अपुरे वाटले. पक्षपात कबूल करेपर्यंत अपील करत राहावे, असे त्यांचे मत होते. मला ते पटले नाही. ज्या प्रेक्षकांना चुकीची पट्टी दिसली त्यांना त्याच वेळी दुसरी बाजू दिसली, हा तक्रारीचा हेतू होता आणि तो साधला होता.

उत्तर मोघम असेल तर मात्र अपील जरूर करावे. अपिलात नवे आरोप घालू नयेत. मूळ तक्रारीतील कोणत्या मुद्द्याला उत्तर मिळाले नाही, तेवढेच दाखवावे. ही यंत्रणा दात नसलेली आहे, असे अनेक जण म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. १ लाख रुपयांच्या कमाल दंडाचा वाहिन्यांवर काय परिणाम होणार, असा प्रश्न ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही विचारला होता. पण सामान्य नागरिकाच्या तक्रारीवर काहीच होत नाही, हे खरे नाही. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस एनबीडीएसएने धार्मिक द्वेषाला खतपाणी घालणाऱ्या कार्यक्रमांबद्दल एका हिंदी वाहिनीला १ लाख आणि दुसरीला ५० हजार रुपये दंड केला आणि त्या कार्यक्रमांच्या चित्रफिती काढण्यास सांगितले. त्या तक्रारींमागे एक साधा प्रेक्षक होता. एनबीडीएसएचे आदेश तिच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. अपील लिहिण्यापूर्वी त्यातले तीन-चार वाचावेत. कोणता मुद्दा टिकतो आणि कोणता पडतो, ते त्यातून जितके कळते तितके दुसरीकडून कळत नाही.

एकाच वेळी न्यायालयात दावा आणि या यंत्रणेकडे तक्रार, असे दोन्ही करता येत नाही. प्रकरण न्यायप्रविष्ट असेल तर तक्रार ऐकली जात नाही. तक्रार चालू असताना वाहिनीच्या चित्रफितीला शेलके मथळे देऊन गावच्या ग्रुपवर पाठवणेही टाळावे. निवेदकाची नालस्ती केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचे प्रकरण आपल्यावरच उलटू शकते.

९. दूरदर्शन आणि आकाशवाणी

सह्याद्री वाहिनी किंवा आकाशवाणीच्या छत्रपती संभाजीनगर, परभणी या केंद्रांवरील बातम्यांबाबत तक्रार असेल तर आपले पाय अधिक भक्कम जमिनीवर असतात. प्रसार भारती कायदा, १९९० च्या कलम १२ मध्ये नागरिकांना मोकळेपणाने, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याच्या हक्काचे रक्षण करणे आणि स्वतःचे कोणतेही मत किंवा विचारसरणी न रेटता, परस्परविरोधी मतांसह माहितीचा न्याय्य व समतोल प्रवाह ठेवणे, हे उद्दिष्ट म्हणूनच लिहिले आहे. तक्रार केंद्र सरकारच्या पीजी पोर्टलवर, म्हणजे नागरिकांच्या तक्रारींच्या संकेतस्थळावर, नोंदवता येते. तिथे लगेच नोंदणी क्रमांक मिळतो.

प्रसार भारती सार्वजनिक प्राधिकरण असल्यामुळे माहितीचा अधिकारही वापरता येतो. १० रुपये शुल्कात ठरावीक कालावधीतील बातमीपत्रांच्या लिखित मजकुराच्या प्रती मागता येतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. ‘तुम्ही पक्षपात का केला’ असा प्रश्न विचारू नये; माहिती अधिकारात अभिलेख मागायचा असतो, खुलासा नव्हे.

१०. निवडणुकीच्या दिवसांत

लोकसभा आणि विधानसभा निवडणुकीच्या काळात आणखी एक दार उघडते. प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते आणि जिल्हाधिकारी जिल्हा निवडणूक अधिकारी या नात्याने तिचे काम पाहतात. एखाद्या उमेदवाराची स्तुती बातमीच्या वेषात, एकाच शब्दांत, दोन-तीन वाहिन्यांवर आली असेल तर ती पैसे देऊन छापून आणलेल्या बातमीसारखीच, म्हणजे पेड न्यूज, असण्याची शक्यता असते आणि तशी तक्रार या समितीकडे करावी. प्रसारणापासून ९६ तासांच्या आत उमेदवाराला नोटीस जावी लागते, म्हणून इथे सात दिवसांचा हिशेब चालत नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्हाधिकारी कार्यालयातील समितीच्या कक्षात अर्ज द्यावा आणि वेळ टाकलेली पोच घ्यावी. बातमी पेड न्यूज ठरली तर तिचा खर्च उमेदवाराच्या खर्चात धरला जातो.

सी-व्हिजिल ही निवडणूक आयोगाची मोबाईलवरून तक्रार करण्याची सोय मात्र मुख्यतः वेगळ्या कामाची आहे. पैसेवाटप, दारू, विनापरवाना डिजिटल फलक अशा डोळ्यांसमोर घडणाऱ्या आचारसंहिताभंगासाठी ती आहे.  जिल्हा परिषद, नगरपालिका आणि ग्रामपंचायत निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तेव्हा त्या काळातले अर्ज राज्य आयोगाच्या आदेशांचा उल्लेख करून द्यावेत.

मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत निवडणुकीवर परिणाम करणारा मजकूर दूरचित्रवाणीवर दाखवण्यास लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६ नुसार मनाई आहे. या दोन दिवसांतली तक्रार थेट निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे, लेखी आणि चित्रणासह द्यावी.

११. निर्णयानंतर पाहायच्या गोष्टी

दुरुस्ती प्रसारित होणार असे कळवले असेल तर तिचेही चित्रण करावे आणि ती कोणत्या वेळी दाखवली हे लिहून ठेवावे. रात्री ९ ची चूक दुपारी ३ ला दुरुस्त केली असेल तर तसे नोंदवून पुन्हा लिहिता येते. काढलेली चित्रफीत फेसबुक, इन्स्टाग्राम आणि वाहिनीच्या जिल्हानिहाय पानांवर शिल्लक आहे का, तेही शोधावे. टँकरची चित्रफीत यूट्यूबवरून गेली होती, पण वाहिनीच्या फेसबुक पानावर जुन्याच पट्टीसह आणखी अकरा दिवस दिसत होती. मी त्याच ई-मेलखाली, वाहिनीच्या उत्तराची तारीख देऊन, दुवा आणि एक ओळ पाठवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती तिथूनही काढलेली होती.